डेक बसवण्याचा दिवस

फायबरची बोट बाहेरून अखंड दिसते, पण ती दोन तुकड्यांत तयार होते. पाण्यात बसणारं खालचं अंग, ज्याला हल म्हणतात, ते एका साच्यातून निघतं. वरची चालायची जागा, केबिनचं छत, बसायची जागा हे सगळं मिळून डेक. तो दुसऱ्या साच्यातून निघतो. मग एके दिवशी डेक क्रेनने उचलून हलवर ठेवतात आणि दोघांच्या कडा एकमेकींना जोडतात. जोडावर लाकडाची, रबराची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी चढते आणि तो नजरेआड होतो. बोट विकत घ्यायला आलेला माणूस इंजिन सुरू करून बघतो, शिडं उलगडून बघतो, गाद्या दाबून बघतो. काठाभोवतीच्या त्या पट्टीकडे बहुधा कोणी वाकून बघत नाही. बोट किती वर्षं कोरडी राहणार आणि खवळलेल्या समुद्रात तिचं काय होणार, याचा बराचसा निकाल मात्र त्या पट्टीखाली लागलेला असतो.

दोन तुकडे का करावे लागतात, हे फायबरचं काम कसं चालतं ते पाहिलं की समजतं. बोटीच्या आकाराचा पोकळ साचा असतो, आतून घासून चकचकीत केलेला. त्याला मेणाचे हात देतात, म्हणजे माल साच्याला धरून बसत नाही. मग जेलकोट, म्हणजे रंगीत रेझिनचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा थर. तयार बोटीची बाहेरची चमक ती हीच. त्यावर काचतंतूंची मॅट अंथरतात. दुकानात ती ३०० किंवा ४५० ग्रॅमची म्हणून मिळते, म्हणजे एका चौरस मीटरचं तेवढं वजन. मॅटमध्ये पॉलिएस्टर रेझिन ब्रशने आणि रोलरने जिरवत जायचं, आतली हवा दाबून बाहेर काढायची, की पुढचा थर. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट आणि नंतर १ ते २ टक्के हार्डनर मिसळलेला असतो. (कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीच ओतायचे नाहीत, भडका उडतो. फायबरच्या कामावर नव्याने आलेल्या पोराला ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी.) म्हणजे बोट बाहेरच्या बाजूने सुरू होऊन आत आत जाड होत जाते. कारागिराला आत उतरून काम करता आलं पाहिजे आणि तयार अंग साच्यातून वर ओढून काढता आलं पाहिजे. चहूबाजूंनी बंद आकारात यातलं काहीच जमत नाही. शिवाय इंजिन, पाण्याच्या आणि डिझेलच्या टाक्या, आतल्या आडव्या भिंती हे सगळं उघड्या हलमध्ये वरून उतरवणं सोपं पडतं. डेक बसला की ते सारं दारातून आणि खिडकीतून न्यावं लागेल.

लाकडी बोटीत ही अडचण वेगळ्या रूपात होती. कोकणच्या किनाऱ्यावरचा मचवा फळीला फळी लावून उभा राहायचा, आणि प्रत्येक दोन फळ्यांमधली फट म्हणजे एक सांधा. त्या फटींत कापसाचे वळ ठोकून भरायचे, वर राळ आणि तेल. सांधे शेकड्याने, पण त्यामुळेच कुठल्याही एका सांध्यावर सगळा भार नसे. आणि बोट पाण्यात उतरली की लाकूड फुगून फटी आपोआप आवळल्या जात. फायबर असं फुगत नाही. त्यात फळ्यांचे सांधेही नाहीत. उरतो तो एकच लांबलचक जोड, नाळेपासून पिछाडीपर्यंत आणि परत दुसऱ्या बाजूने नाळेपर्यंत, आणि सगळी काळजी तिथे एकवटते.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो गावी रे ग्रीन यांनी १९४२च्या सुमाराला काचतंतू आणि पॉलिएस्टरची पहिली छोटी बोट केली, तेव्हा हा प्रश्न फारसा जाणवला नसणार, कारण लहान उघड्या होडीला डेकच नसतो. १९५६मध्ये फिलिप ऱ्होड्स यांनी रेखलेली ४१ फुटी ‘बाउंटी टू’ आली, आणि १९५९मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पिअर्सन चुलतभावांनी कार्ल आल्बर्ग यांची २८ फुटी ‘ट्रायटन’ मांडली. ट्रायटन ७००हून जास्त बनल्या. इथून शिडाची बोट कारखान्यात, एकाच साच्यातून पुन्हा पुन्हा निघणारी वस्तू झाली. लाकूडकामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं शहाणपण या नव्या जोडाला लागू पडत नव्हतं, म्हणून कारखान्यांनी प्रयोग करत करत आपापल्या रीती शोधल्या. आज जुन्या बोटींच्या बाजारात फिरताना जोडांची जी विविधता दिसते, ती त्या काळाची देणगी आहे, आणि त्यातल्या सगळ्याच रीती चांगल्या नाहीत.

जोडावर काय काय गुजरतं, ते आधी पाहू. फायबर मजबूत असतं हे खरं, पण ते लवचीकही असतं. निव्वळ मॅटचं फायबर पोलादाच्या सुमारे तिसाव्या हिश्शाइतकंच ताठ असतं. त्यामुळे बोटीचा ताठपणा मालातून कमी आणि आकारातून जास्त येतो. बुटांचा पुठ्ठ्याचा खोका झाकण न लावता दोन हातांत धरून पिळून बघा, सहज पिळला जातो. झाकण नुसतं वर ठेवून पिळलं तर झाकणाची कड खोक्याच्या कडेवरून सरकते आणि खोका तसाच पिळला जातो. तीच कड चिकटपट्टीने सगळीकडून बंद केली की खोका एकदम ताठ होतो. पुठ्ठा तोच, फक्त कडेला सरकण्याची मुभा काढून घेतली. बोटीचं हेच आहे. डेक म्हणजे पाऊस अडवणारं छप्पर असा समज असेल तर तो सोडून द्यावा. डेक हा बोटीच्या कण्याचा भाग आहे, आणि हलच्या कडेवर तो किती घट्ट धरलेला आहे त्यावर बोटीचा पीळ ठरतो.

शिडाच्या बोटीत याहून मोठे ताण असतात. डोलकाठीला पुढून नाळेकडे आणि मागून पिछाडीकडे जाड तारा ओढलेल्या असतात, बाजूंनीही असतात. वारा भरला की या तारा नाळ आणि पिछाडी वर खेचतात, आणि डोलकाठी मधोमध खाली दाबते. हा खालचा दाब बोटीच्या एकूण वजनाच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. बोट जणू दोन्ही टोकांना धरून वाकवली जाते, दर लाटेला थोडी कमी, थोडी जास्त. प्रत्येक वाकण्यात डेक आणि हल एकमेकांवरून सरकू पाहतात, केसभरच, पण एका रात्रीत हजारो वेळा. त्यात धक्क्याला लागणं, शेजारच्या बोटीवर घासणं, काठावर लाट आदळणं हे आलंच.

म्हणजे या जोडाला दोन कामं आहेत: धरायचं आणि अडवायचं. हल आणि डेक एकमेकांवरून सरकू द्यायचे नाहीत, आणि पाणी आत येऊ द्यायचं नाही. कारखान्यांची बरीच गफलत इथे झाली, कारण या दोन कामांना लागणारे गुण एकमेकांच्या विरुद्ध आहेत. धरायला कडक, न हलणारं बंधन लागतं. अडवायला मऊ, ताणलं तरी न तुटणारं भरण लागतं. कडक चिकटवणी थोडी हलली तर तडकते आणि तडीतून पाणी येतं. मऊ भरण पाणी अडवतं, पण भार त्याच्यावर टाकला की सरकत राहतं आणि कालांतराने एका बाजूने सुटतं. आधी दोन्ही अंगं न हलतील अशी धरायची, आणि मग न हलणाऱ्या फटीत पाणी अडवायचं, हा क्रम ज्या बोटीत सांभाळला गेला ती बोट तीस-चाळीस वर्षं कोरडी राहू शकते. ज्या बोटीत एकाच नळीतल्या लुकणावर दोन्ही कामं सोपवली, तिथे आज ना उद्या गळती आहेच.

चिकटवलेल्या जोडाचा आणखी एक स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकवायचा प्रयत्न केला तर चिकटवणीची पूर्ण रुंदी एकदम विरोध करते, म्हणून तो भार ती सहज पेलते. तेच पृष्ठभाग एका कडेपासून उचकटू लागले तर सगळा ताण त्या कडेच्या एका बारीक रेषेवर येतो; ती रेषा सुटली की पुढची, मग त्यापुढची. जोडाची मांडणी करताना चांगला रेखाटनकार हेच बघतो, की समुद्राचा मार सरकवण्याच्या दिशेने यावा, उचकटण्याच्या नव्हे.

हलची वरची कड आतल्या बाजूला सात-दहा सेंटिमीटर वळवली, त्या वळलेल्या पट्टीवर म्हणजे फ्लँजवर डेक टेकवला, मध्ये चिकटवणी आणि आरपार बोल्ट, ही समुद्रात दूर जाणाऱ्या शिडाच्या बोटींची रूढ रीत. पट्टी आत असल्यामुळे धक्क्याचा मार तिला लागत नाही, आणि वरची ॲल्युमिनियमची किंवा सागवानी पट्टी त्याच बोल्टांनी बसते. खर्च मात्र वाढतो, कारण कड आत वळलेली असली की हल साच्यातून सरळ वर निघत नाही. त्या भागासाठी साच्याला सुटे तुकडे जोडावे लागतात.

कड बाहेर वळवली तर हा त्रास वाचतो. हल आणि डेक दोघांच्या कडा बाहेर, एकावर एक. भोकं पाडायला, शिकंजे लावायला सगळं हाताशी. लहान बोटींना हे चालून जातं. पण पोटाबाहेर आलेली ही कड धक्क्यावर सर्वांत आधी आपटते, आणि ती आपटते ती नेमकी उचकटण्याच्या दिशेने. ससून डॉकला किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला बोटी एकमेकींना खेटून कशा उभ्या असतात, भरती-ओहोटीला कशा घासतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना अशा कडेचं भवितव्य वेगळं सांगायला नको. टायर बांधले तरी ते नेमके हव्या त्या जागी राहतातच असं नाही. माझ्या मते मासेमारीच्या बोटीला बाहेरची कड देणं ही खोटी काटकसर आहे.

तिसरी रीत खोक्याच्या झाकणाची. डेकची कड खाली वळते आणि हलच्या कडेला बाहेरून कवेत घेते. मोटरबोटींत ही फार दिसते. इथे चिकटवणीवरचा भार बहुतांशी सरकवण्याचा असतो आणि पाण्याला आत शिरायला वर चढावं लागतं, हे दोन्ही गुण चांगले. अडचण मापाची. वीस-पंचवीस मीटरच्या घेरात दोन वळणं एकमेकांत तंतोतंत बसत नाहीत. कुठे फट दोन मिलिमीटर, कुठे दहा. वरून पट्टी चढली की आत काय झालं ते दिसत नाही, आणि घाईच्या कारखान्यात त्या दहा मिलिमीटरच्या जागी स्क्रू हवेतच घुसलेले आढळतात.

कॅलिफोर्नियाच्या ‘वेस्टसेल ३२’ या १९७०च्या दशकातल्या बोटीत जोड डेकच्या पातळीवर नाहीच. हलच्या बाजू डेकच्या वर कठड्यासारख्या चढत जातात आणि जोड त्या कठड्याच्या माथ्यावर, जाड सागवानी पट्टीखाली असतो. डेकवरून वाहणारं पाणी जोडाच्या खालून निघून जातं. याच जातीची ‘सटोरी’ ही बोट ऑक्टोबर १९९१च्या अटलांटिकमधल्या कुप्रसिद्ध वादळात सापडली. अमेरिकन तटरक्षक दलाने माणसं काढून घेतली, बोट तशीच सोडून दिली, आणि काही दिवसांनी ती मेरीलँडच्या किनाऱ्यावर वाळूत लागलेली सापडली, बुडालेली नव्हे. एका बोटीवरून सिद्धान्त मांडू नये, आणि वेस्टसेलचं फायबरही भरपूर जाड होतं. तरी जोड पाण्याच्या वाटेतून उचलून वर नेण्यातली समज मला फार मोलाची वाटते.

आता प्रत्यक्ष तो दिवस. साच्यातून काढलेला उघडा हल आपला आकार पूर्णपणे धरून ठेवत नाही. मध्ये पसरतो किंवा आत येतो. म्हणून आधी आडवे टेकू देऊन त्याची रुंदी मापात आणतात. मग डेक एकदा कोरडाच उतरवून बघतात. कुठे टेकतो, कुठे फट राहते, याच्या खुणा करतात, काही ठिकाणी भोकं पाडून घेतात, आणि डेक परत वर. आता कडा घासायच्या. पॉलिएस्टरचे थर एकामागोमाग चढवले जातात तेव्हा आधीचा थर अजून कच्चा असतो आणि दोघांची रासायनिक गाठ पडते. पण पूर्ण पिकलेल्या फायबरवर जे काही चिकटवाल ते रसायनाने फारसं धरत नाही. धरतं ते खरखरीतपणामुळे. त्यात शेवटच्या थराच्या रेझिनमध्ये बहुधा मेण मिसळलेलं असतं, कारण पॉलिएस्टरचा हवेला लागलेला पृष्ठभाग एरवी चिकट राहतो. ते मेण वर येऊन बसतं. जाड सँडपेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासलं नाही तर चिकटवणी मेणाला धरते, फायबरला नाही. काही चांगले कारागीर आधीच हुशारी करतात. जिथे पुढे जोड येणार तिथे शेवटच्या थरावर एक नायलॉनचं कापड दाबून ठेवतात आणि जोडायच्या दिवशी ओढून काढतात. खाली ताजा, स्वच्छ, खरखरीत पृष्ठभाग तयार मिळतो.

मग चिकटवणीची रेषा घालायची. दहा मीटर लांबीच्या बोटीचा घेर बावीस मीटरच्या आसपास भरतो. तेवढ्या लांबीवर भरण घालून, डेक उतरवून, खुणांवर बसवून, आवळून होईपर्यंत पहिल्या टोकाचं भरण सुकायला लागता कामा नये. त्यामुळे त्या तासाभरात कारखान्यात कोणी दुसरं काम करत नाही. चार-पाच माणसं काठाशी, एक क्रेनवर, दोघं आत. इथे एक चूक फार होते. उत्साहाने बोल्ट पूर्ण आवळले की मधलं मऊ भरण दोन्ही बाजूंनी पिळून बाहेर येतं, कामगार ते पुसतात, जोड स्वच्छ दिसतो, आणि आत भरण उरतंच नाही. मऊ भरणाला ठरावीक जाडी लागते, तरच ते ताणलं जाऊ शकतं. म्हणून आधी बेताने आवळून ते पिकू द्यायचं आणि नंतर शेवटचा पीळ द्यायचा, हा सावकाश मार्ग चांगला.

भरण कोणतं, यावर बोटवाल्यांत जेवढे वाद होतात तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर होत असतील. पॉलियुरेथेन, ज्यातलं थ्रीएमचं ५२०० जगभर प्रसिद्ध आहे, ते हवेतली आर्द्रता घेऊन पिकतं, त्याला ५ ते ७ दिवस लागतात, आणि पिकल्यावर ते रबरासारखं लवतं तरी जबरदस्त धरतं. जो जोड पुन्हा कधी उघडायचा नाही त्याला ते योग्य. ब्यूटाइलची पट्टी कधीच कडक होत नाही. धरत जवळजवळ काहीच नाही, पण पाणी उत्तम अडवते, म्हणून बोल्ट मजबूत असतील तिथे तिचा उपयोग. गेल्या काही दशकांत मिथाइल मेथॅक्रिलेट जातीच्या चिकटवण्या आल्या. त्या फायबरला घट्ट धरतात, जाडसर फट भरतात आणि तरी काचेसारख्या ठिसूळ होत नाहीत. मोठे कारखाने आता त्यांच्यावर भर देतात. सिलिकॉनचं मात्र नाव काढू नये. न्हाणीघरात ते ठीक आहे. बोटीच्या जोडात ते एकदा गेलं की त्याचा अदृश्य थर मागे राहतो आणि पुढे त्या जागी काहीच नीट चिकटत नाही.

बोल्ट लावायचे ते आरपार, आतून रुंद वॉशर आणि नट. दहा-पंधरा सेंटिमीटरवर एक धरला तरी आपल्या दहा मीटरच्या बोटीला दीडशे ते सव्वादोनशे बोल्ट लागतात. आतल्या कपाटांच्या मागे हात घालून इतके नट बसवणं जिकिरीचं, म्हणून स्वस्त बोटींत स्क्रू किंवा पॉप रिव्हेट मारतात. स्क्रूचे आटे फायबरमध्ये बसलेले असतात. कडा हलू लागल्या की ते फायबर कुरतडतात आणि स्क्रू सैल होतो. रिव्हेट मध्ये पोकळ असतो, त्यातूनच पाणी झिरपू शकतं. आणि बोल्टांनाही कायमचं निर्धास्त समजू नये. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्यावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. तो थर टिकायला हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन लागतो. ओल्या, बंद भोकात खारं पाणी साचून राहिलं आणि ऑक्सिजन पोचला नाही, तर बोल्टाचं डोकं वरून लखलखीत आणि मधला दांडा खाऊन बारीक झालेला, असं होतं. ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्टेनलेसचे बोल्ट असले तर खाऱ्या पाण्यात त्या दोन धातूंची वीज खेळते आणि ॲल्युमिनियम झिजतं.

यावर सगळ्यात भक्कम उपाय म्हणजे बोल्ट मारून झाल्यावर आतून हल आणि डेक यांच्यावर मिळून काचकापडाचे थर चढवायचे. मग दोघांचं खरोखर एक अंग होतं, आणि धरण्याचं काम फायबरच करतं. अरुंद जागेत उताणं पडून, डोक्यावरच्या कोपऱ्यात रेझिन लावणं हे फार कष्टाचं काम आहे. तोंडावर ठिबकतं, काच टोचते, वासाने डोकं गरगरतं. ते केलेलं आहे की नाही, हे बघून बांधणाऱ्याची नियत कळते असं मी मानतो.

आपल्याकडची मोठी उदाहरणं या दोन साच्यांच्या पद्धतीतली नाहीत, आणि म्हणूनच तुलनेला चांगली आहेत. नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या ५६ फुटी शिडाच्या बोटी गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बनल्या. आराखडा व्हॅन डे स्टाट या डच संस्थेचा. म्हादेईवरून दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३मध्ये कुठेही न थांबता. तारिणीवरून २०१७-१८मध्ये सहा महिला अधिकारी, आणि २०२४-२५मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जगाला फेरी घालून आल्या. या बोटींच्या अंगात मध्ये लाकूड आणि दोन्ही बाजूंनी काचतंतू आहेत. एक-दोनच बोटी करायच्या तर लाखो रुपयांचा साचा परवडत नाही, म्हणून लाकडी पट्ट्यांचा आकार बांधून त्यावर काचकापड चढवण्याची ही रीत. अशा बांधणीत साधारणपणे हलच्या कडेला आतून जाड लाकडी पट्टा एपॉक्सीने बसवतात, डेक त्यावर चिकटतो, बाहेरचा कोपरा घासून गोल करतात आणि काचकापड डेकवरून थेट हलवर उतरवतात. कोपरा गोल करण्याला कारण आहे: काचेचे तंतू तीक्ष्ण कडेवर बसत नाहीत, उचलले जातात आणि खाली हवा राहते. असा जोड बाहेरून शोधूनही सापडत नाही. त्याला वेळ मात्र अमाप लागतो, आणि कारखान्यात आठवड्याला एक बोट काढणाऱ्याला तेवढा वेळ नसतो.

गळती सुरू झाली की ती जिथे दिसते तिथे असेलच असं नाही. नाळेजवळ शिरलेलं पाणी फ्लँजच्या खोबणीतून मागे मागे वाहत जातं आणि चार मीटरवरच्या बिछान्यावर ठिबकतं. लोक खिडकीला दोष देतात, खिडकीला लुकण फासतात आणि गळती चालूच राहते. त्याहून वाईट म्हणजे डेकच्या दोन फायबर थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड भरलेलं असतं, वजन न वाढवता ताठपणा यावा म्हणून. कडेला, जिथे बोल्ट जातात तिथे, हे भरण थांबवून भरीव फायबर ठेवायला हवं. ते केलेलं नसेल तर प्रत्येक भोकातून लाकडाला पाणी पोचतं, ते कुजतं, आणि डेक पायाखाली दबू लागतो. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेलं की चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि कुजलेल्या जागी बोदा.

लहान शर्यतीच्या बोटींत हवेची वेगळीच गंमत असते. ब्रूस कर्बी यांनी रेखलेली ‘लेझर’, जी आता आयएलसीए नावाने ओळखली जाते, १९७१पासून विकली जाते आणि अशा २ लाखांहून जास्त बोटी बनल्या आहेत. १९९६पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. मुंबईत कुलाब्याच्या आर्मी यॉटिंग नोडमध्ये तयार झालेल्या विष्णू सरवणन यांनी याच बोटीत हांगझोच्या आशियाई खेळांत कांस्यपदक मिळवलं. सव्वाचार मीटरची ही बोट म्हणजे चहूबाजूंनी बंद पोकळी, हल आणि डेक काठावर चिकटवलेले. मुंबईच्या उन्हात आतली हवा २५ अंशांवरून ६० अंशांवर गेली आणि बाहेर पडायला वाट नसेल, तर दाब सुमारे १२ टक्क्यांनी वाढेल. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब केला तर डेकच्या दर चौरस मीटरला आतून सुमारे १२०० किलोंचा धक्का, आणि तोही जोड उचकटण्याच्या दिशेने. म्हणून कॉकपिटच्या पुढच्या भिंतीत एक बारीक भोक ठेवलेलं असतं. ते कोणी ‘पाणी शिरेल’ म्हणून बुजवू नये. उलटंही होतं. तापलेली बोट गार पाण्यात ढकलली की आतली हवा आक्रसते आणि जोडात कुठे केसाएवढी फट असली तर तिथून पाणी ओढून घेते.

गळती शोधायची सर्वांत खात्रीची रीत याच हवेवर चालते. मोठ्या बोटीच्या खिडक्या, झाकणं, हवेच्या वाटा चिकटपट्टीने बंद करायच्या, एका वाटेने पालापाचोळा उडवायचा ब्लोअर लावून आत हलका दाब ठेवायचा, आणि बाहेरून काठाला साबणाचं पाणी ब्रशने लावत जायचं. जिथे बुडबुडे येतील तिथे फट. कॉम्प्रेसर मात्र लावायचा नाही. छोट्या बोटीचा जोड त्याने फाटू शकतो.

फट सापडली म्हणजे बाहेरून लुकण फासून भागत नाही, कारण ते फक्त ओठावर बसतं. वरची पट्टी काढायची, त्या भागातले बोल्ट काढायचे (सगळ्या बोटीचे एकदम नाही, नाहीतर डेक जागचा हलतो), लाकडी पाचर मारून फट थोडी उघडायची आणि जुनं भरण खरवडून काढायचं. मग ॲसिटोनने पुसायचं, पुन्हा स्वच्छ फडक्याने पुसायचं. कुजकं लाकूड लागलं तर भोक मोठं करून, आतलं कोरून, एपॉक्सीने भरून, ते पिकल्यावर नवं भोक पाडायचं. म्हणजे पुढे भरण गळलं तरी पाण्याला लाकूड भेटत नाही. भोकाच्या वरच्या तोंडाला थोडा उतार द्यायचा, म्हणजे बोल्टाच्या डोक्याखाली भरणाचं कडं तयार होतं. नवं भरण घालून बोल्ट बेताने आवळायचे आणि पॉलियुरेथेन असेल तर आठवडाभर हात लावायचा नाही. शेवटचा पीळ देताना दोन माणसं लागतात. वरच्याने बोल्टाचं डोकं स्क्रूड्रायव्हरने जागच्या जागी धरून ठेवायचं आणि खालच्याने फक्त नट फिरवायचा. डोकं फिरलं तर आठवडाभर पिकवलेलं ते कडं तिथेच तुटतं.